दहा मिनिटांत ख्याल कसा बसवायचा?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक बारावीत आहे, नऊ वर्षं ख्याल शिकतेय. कॉम्प्युटर सायन्सलाच अप्लाय करतेय पण सोबत गाण्याचं रेकॉर्डिंगही स्लाइडरूमवर (कॉलेजं कलेचे नमुने मागवतात त्या साइटवर) टाकायचंय. गुरुजी म्हणतात यमनचा बडा ख्यालच गा, आणि कॉलेजची लिमिट दहा मिनिटांची. काय करू?
– एक आई

उत्तर : गुरुजींचं चूक नाहीये हो, राग खरा उलगडतो तो बड्या ख्यालाच्या विलंबितातच, म्हणजे अगदी संथ लयीत. पण जरा हिशोब करा, एकतालाच्या १२ मात्रा, एक मात्रा चार-पाच सेकंदांची धरली तर एक आवर्तन जवळजवळ मिनिटाचं, म्हणजे सगळी मिळून जेमतेम दहा आवर्तनं, आणि ऐकणाऱ्या प्रोफेसरांपुढे एवढ्या फाइल्स असतात की ते शेवटपर्यंत ऐकतीलच असं नाही. पोरीची तयारी पहिल्या मिनिटातच कळायला हवी.

मी तर म्हणेन छोटासा औचार (रागाची ओळख करून देणारा सुरुवातीचा आलाप) आणि थेट मध्यलय तीनतालातली बंदिश, त्यातच आलाप, बोल-ताना (बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या ताना), नुसत्या ताना, पाचेक मिनिटं. मग वेगळ्या ढंगाचं काहीतरी, तराणा नाहीतर नाट्यपद, तीन मिनिटं. बास.

व्हिडिओ एका टेकमध्येच करा, काटछाट नको, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) तर अजिबात नको. फोन तिच्या समोर, तबला थोडा मागे. आणि हे नीट बघा, फोन आवाज आपोआप वरखाली करतो, त्यामुळे तान संपवून ती श्वासाला थांबली की तंबोरा एकदम भसकन वर येतो, म्हणून तंबोऱ्याचं अ‍ॅप लांब ठेवा. साधा बाहेरचा माइक मिळाला तर फारच छान.

प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा असतो, काही ठिकाणी रेकॉर्डिंग घेतच नाहीत, तेव्हा एकेकाची साइट उघडून बघा. अर्ली अ‍ॅप्लिकेशन बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरला बंद होतं, म्हणजे रेकॉर्डिंग सप्टेंबरातच उरकलेलं बरं. (म्युझिकमध्येच मेजर, म्हणजे तोच मुख्य विषय, करायचं असतं तर ऑडिशनचं प्रकरण वेगळं.)

सगळ्यात महत्त्वाचं, वर्णनाची जागा असेल तर ती रिकामी सोडू नका. ऐकणारा पाश्चात्त्य संगीतातला असू शकतो, त्याला वाटेल सगळं पाठ केलेलं गातेय. बंदिशीच्या चार ओळी तेवढ्या ठरलेल्या, बाकी आलाप-ताना तिने तिथल्या तिथे रचल्यात, हे स्पष्ट लिहायला हवं. आणि ते तिलाच लिहू दे, तुम्ही नाही.