खासदारांचे प्रश्न लिहिणाऱ्या मुलीस

चि. —
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दिल्लीत खासदारांच्या कार्यालयात काम मिळालं याचा आनंद आहेच, पण रुजू होताच तुला जो पेच पडला तो मला जास्त आवडला. एका उद्योग संघटनेचा माणूस येऊन खासदारांनी संसदेत विचारावेत म्हणून टाइप केलेले पाच प्रश्न टेबलावर ठेवून जातो, आणि बाजूचा सहायक म्हणतो, "पाठव गं, सगळेच पाठवतात." सगळे पाठवतात हे बरंचसं खरं आहे, म्हणूनच जरा लांबण लावतो.

बाहेरच्याने माहिती आणून देणं यात काही गैर नाही. कांदा उत्पादकांनी निर्यातबंदीची कागदपत्रं आणून दिली नाहीत, आशा सेविकांनी थकीत मानधनाचे आकडे दिले नाहीत, तर खासदाराला घरबसल्या कळणार कुठून? भानगड सुरू होते ती कुणी दिलं आणि बदल्यात काय मिळालं हे लपवावंसं वाटू लागतं तिथे.

या बाबतीतला पहिला मोठा दाखला आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९५१ साली, पहिल्या निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेतले काँग्रेसचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर आरोप आला की बॉम्बे बुलियन असोसिएशन या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते सभागृहात प्रश्न विचारतात, वायदे बाजाराच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचवतात. चौकशी समिती नेमण्याचा प्रस्ताव मांडला खुद्द पंडित नेहरूंनी, आपल्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध. टी. टी. कृष्णम्माचारी समितीचे अध्यक्ष होते. मुदगलांना बाजू मांडू दिली, सभागृहातही बोलू दिलं. हकालपट्टीचा ठराव समोर दिसताच त्यांनी राजीनामा टाकला, तरी सभागृह थांबलं नाही. हे गृहस्थ हकालपट्टीलाच पात्र होते आणि राजीनाम्यातल्या भाषेने त्यांचा अपराध वाढला, असं ठरावात लिहून ठेवलं. जूनमध्ये समिती, सप्टेंबरात निकाल. म्हणजे घाईही नाही आणि घोळही नाही.

पुढे २००५. १२ डिसेंबरला प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणाऱ्या खासदारांचं छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण वाहिनीवर आलं आणि २३ डिसेंबरला लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक असे अकरा सदस्य घरी गेले. त्यांत जळगाव आणि एरंडोलचे आपले दोन खासदार होते. पत्रकारांनी लघुउद्योजकांची एक संघटना कागदावर उभी केली होती, जी मुळात अस्तित्वातच नव्हती. 'योसारियन' नावाचं इलेक्ट्रो-डिझेल इंजिन रेल्वेने जर्मनीकडून मागवलं आहे काय, असा एक प्रश्न त्यांनी तयार केला. योसारियन हे एका कादंबरीतल्या पात्राचं नाव. हसू येतं, पण तू हसू नकोस, कारण असा कागद कार्यालयात पहिल्यांदा वाचणारी व्यक्ती तुझ्याच खुर्चीवर बसलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही हकालपट्टी चार विरुद्ध एक अशी उचलून धरली.

आणि २०२३ चं महुआ मोईत्रा प्रकरण तुझ्या डोळ्यांसमोर घडलं. तृणमूल काँग्रेसच्या या लोकसभा खासदारांवर एका उद्योगपतीकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा आरोप होता. तू विचारतेस, कोण बरोबर होतं? मी कुणाच्या बाजूने असेन असं तू गृहीत धरलंयस ते ठाऊक आहे, पण मला दोन गोष्टी एकदमच खऱ्या वाटतात. प्रश्न दाखल करायच्या संसदेच्या संकेतस्थळाचा आपला लॉग-इन त्या उद्योगपतीला देणं ही साधी गोष्ट नव्हे. ते मोईत्रांनी मान्य केलं, पैसे घेतल्याचं मात्र ठाम नाकारलं. दुसरी गोष्ट, सभागृहाने ज्या रीतीने निकाल लावला ती रीत मला पटली नाही. आरोप करणाऱ्यांची उलटतपासणी करू द्या ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. नीतिमत्ता समितीने ९ नोव्हेंबरला सहा विरुद्ध चार मतांनी अहवाल स्वीकारला. तो पटलावर आला ८ डिसेंबरला दुपारी, जवळपास ५०० पानांचा. वाचायला दोन-चार दिवस द्या म्हणणाऱ्यांना ते मिळाले नाहीत आणि त्याच दिवशी आवाजी मतदानाने त्यांचं सदस्यत्व गेलं. सभागृहात बोलूही दिलं नाही, २००५ मध्येही बोलू दिलं नव्हतं असा दाखला दिला. पैशांच्या व्यवहाराची चौकशी सरकारने करावी अशी शिफारस त्याच अहवालात आहे. म्हणजे शिक्षा आधी आणि पैशाचा माग नंतर. आवाजी मतदान असल्यामुळे कोण कुठल्या बाजूला होतं हेही नोंदीत नाही, याची खंत मला त्या निकालापेक्षा जास्त वाटते. कृष्णनगरच्या मतदारांनी २०२४ मध्ये मोईत्रांना पुन्हा लोकसभेत पाठवलं, पण तेवढ्याने या प्रश्नांचा निकाल लागत नाही.

त्या गदारोळात सगळे जण मोईत्रांचे प्रश्न मोजत बसले. ६१ प्रश्न, त्यांतले ५० एकाच उद्योगसमूहाबद्दल. मंत्र्यांनी त्या ५० ना काय उत्तरं दिली हे वाचणारं मला फारसं कुणी दिसलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या हेतूवर चर्चा सुरू झाली की उत्तर देणाऱ्याला आयती सुट्टी मिळते. हेतू वाईट असला तरी प्रश्न रास्त असू शकतो आणि सरकारला त्याचं उत्तर देणं भाग असतं.

विधानभवनात प्रश्नांच्या कागदांत माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे उत्तरं चुकवायच्या तऱ्हा पाठ आहेत. प्रश्न येतो: "(१) अमुक योजनेचा निधी अखर्चित राहिला आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, जबाबदार अधिकाऱ्यांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तर येतं: "(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." संपलं! कुठला अंश खरा, ते कुणी सांगत नाही. म्हणून पहिल्या भागात "हे खरे आहे काय" असं मोघम कधी विचारू नकोस. वर्ष, जिल्हा, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम असं सुटं सुटं माग. आकडा मागितला की अंशतः म्हणायला जागा कमी उरते.

लोकसभेत मंत्री "माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल" म्हणतात, तेव्हा ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं, आणि त्यावर नजर ठेवायला १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. कॅमेरे तिकडे फिरकत नाहीत.

आता तुझ्या टेबलावरच्या कागदाचं. त्या माणसाकडून संघटनेच्या लेटरहेडवर सहीनिशी पत्र घे, तारीख घाल, फाइलला लाव. खासदारसाहेबांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा त्या धंद्यात पैसा आहे का ते बघ. निवडणुकीच्या वेळचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांचं रजिस्टर असतं. तिथली नीतिमत्ता समिती १९९७ मध्ये झाली आणि पहिले अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण होते. लोकसभेत तसं रजिस्टर नाही, म्हणून तुझी फाइलच तेवढी. विषय खरोखर लोकांच्या कामाचा वाटला तर मूळ अहवाल वाचून प्रश्न तुझ्या शब्दांत लिही, आयता मजकूर नको. आणि पासवर्ड कुणीही सांभाळो, प्रश्न दाखल होण्याआधी साहेबांनी तो वाचलेला असलाच पाहिजे. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो, तो फोनवरून नुसता विचारून घेत जाऊ नकोस. साहेब चिडतील. चिडू देत. सभागृहात बोललं म्हणून लाचेच्या खटल्यातून सुटका होत नाही, हे मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी स्पष्ट केलंय, त्या निकालाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेव. ही तुझ्यापेक्षा त्यांच्या फायद्याची गोष्ट आहे.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात ते, लोकसभेत दिवसाला वीसच लागतात आणि तेही चिठ्ठ्या टाकून, तेव्हा त्यांच्यामागे फार धावू नकोस. पुढच्या अधिवेशनासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागेल, त्याच्या आत एक काम कर. साहेबांच्या जुन्या अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नांची उत्तरं काढ, "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं ज्यांत आहे ती बाजूला कर आणि तारखांसकट मला पाठव. कुठल्या खात्याची मुदत टळलीय ते बघून मसुदा मी दुरुस्त करून देतो.

तुझा,
काका