पाटल्यांशेजारी स्मार्टवॉच

स्मार्टवॉचविषयी कोल्हापूर आणि आसपासच्या भगिनींकडून आलेल्या पत्रांमधला मूळ पेच बहुतेक ठिकाणी एकच आहे: रोजच्या सोयीचे घड्याळ घ्यावे, की हातात शोभेल असे? त्यांपैकी काही प्रश्न संक्षेपाने येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी राजारामपुरीतल्या एका शाळेत शिक्षिका आहे. वर्गात फोन नेता येत नाही, तो स्टाफरूममध्ये पर्समध्ये राहतो आणि घरचे फोन चुकतात. म्हणून स्मार्टवॉच घ्यायचे ठरवले. पण दोन्ही हातांत पाटल्या आणि काचेच्या बांगड्या असतात आणि रोज साडी नेसते. माझ्या जाऊबाईंचे घड्याळ पाहिले, तर ते मनगटाहून मोठे दिसते. सोय पाहावी की शोभा?

उत्तर : आधी फोनचा प्रश्न सोडवू, कारण त्यातली मेख दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बाजारातली बहुसंख्य स्मार्टवॉच ‘ब्लूटूथ कॉलिंग’ची असतात, म्हणजे फोन जवळपास असेल तरच त्यांवर बोलता येते किंवा संदेश दिसतो. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण 10 मीटर धरला जातो आणि मध्ये भिंती आल्या की तो आणखी घटतो. तुमची पर्स तळमजल्यावर आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल, तर असे घड्याळ हातात असूनही घरचा फोन चुकतच राहील. यावर उपाय ई-सिमच्या, म्हणजे आतच सिम बसवलेल्या घड्याळाचा आहे. ते स्वतःच मोबाइलच्या नेटवर्कला जोडले जाते आणि जिओ व एअरटेल यांनी ही सेवा आपल्याकडे 2018 पासून सुरू केलेली आहे. अशी घड्याळे बरीच महाग असतात आणि त्यांची बॅटरीही लवकर उतरते. त्याआधी एक साधी गोष्ट करून पाहावी, असे मी सुचवेन: फोन पूर्ण मूक करून आपल्या पिशवीत वर्गातच ठेवण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागावी आणि घड्याळावर फक्त घरच्या दोन-तीन क्रमांकांचेच कंपन सुरू ठेवावे. परवानगी मिळाली, तर बेताच्या किमतीच्या घड्याळातही तुमचे काम भागेल.

आता आकाराविषयी. घड्याळ मनगटाहून मोठे दिसते ते तबकडीच्या व्यासापेक्षा तिच्या दोन्ही टोकांना पट्टा अडकवण्यासाठी जे कान असतात, त्यांच्यामुळे. 46 मिलिमीटरच्या गोल घड्याळाची एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची लांबी 50 मिलिमीटरच्या वर जाऊ शकते, आणि मनगटाचा सपाट भाग तेवढा रुंद नसेल तर ती टोके बाहेर डोकावतात व पदराची जर त्यांत अडकते. पट्टीने आपल्या मनगटाच्या वरच्या बाजूची सपाट रुंदी मोजावी आणि घड्याळाची ही लांबी त्याहून कमीच असावी. ऑनलाइन घेणार असाल, तर वहीच्या पुठ्ठ्याचे त्या मापाचे तुकडे कापून मनगटावर ठेवून पाहावेत. चित्रावरून कधीच न येणारा अंदाज त्यावरून क्षणात येतो. ॲपल आणि सॅमसंग या दोघांचीही घड्याळे मोठ्या आणि लहान अशा दोन मापांत मिळतात. लहान माप साधारण 40 ते 42 मिलिमीटरच्या घरात असते आणि सडपातळ मनगटाला तेच योग्य ठरते. जाडीही पाहावी. 10-11 मिलिमीटर जाडीचे घड्याळ लांब बाहीच्या ब्लाउजच्या काठाखाली सहज सरकत नाही.

पाटल्यांबाबत बहुतेक जणी घड्याळाच्या काचेची काळजी करतात, पण काळजी पाटलीची करायला हवी. दागिन्यातले 22 कॅरेट सोने काचेपेक्षा आणि स्टीलपेक्षा मऊ असते, त्यामुळे दिवसभर एकमेकांवर घासले की ओरखडे सोन्यावर उमटतात आणि नक्षीची धार बोथट होते. गुजरीतल्या सराफाकडून पॉलिश करून घेताना थोडेसे सोने झिजते, हेही ध्यानात ठेवावे. हिऱ्याचे किंवा अमेरिकन डायमंडचे कडे असेल, तर मात्र उलट घडते. ते खडे काचेपेक्षा कितीतरी कठीण असल्याने पडदाच चरला जातो. काचेच्या बांगड्या तर घड्याळाच्या धातूवर आपटून तडकतात. म्हणून घड्याळाच्या हातात पाटल्या ठेवायच्याच असतील, तर घड्याळ त्यांच्या मागे, कोपराच्या बाजूला, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधावे. नाडी मोजायला ती जागा चांगलीच आहे. फक्त हात तिथे थोडा जाड असल्याने पट्टा लांब लागतो, हे घेतानाच तपासावे. बांगडीचा रेटा बसून घड्याळाच्या कडेचे बटण आपोआप दाबले जात असेल, तर काही घड्याळांत पडदा उलटा फिरवून बटण दुसऱ्या बाजूला नेण्याची सोय असते. ती सेटिंगमध्ये शोधावी, नाहीतर नकळत आपत्कालीन फोन लागण्याचाही संभव असतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे की शोभेचा भार पट्ट्यावर टाकावा आणि तबकडी साधी, लहान व कामाची घ्यावी. 18 किंवा 20 मिलिमीटर रुंदीचा, सुट्या पिनेवर बसणारा पट्टा असेल तर तो घरच्या घरी बदलता येतो; शाळेसाठी सिलिकॉनचा, कार्यासाठी बारीक विणीच्या धातूचा किंवा चामड्याचा. काही कंपन्यांचे पट्टे मात्र त्यांच्याच खाचेत बसतात, आणि तिथे निवड कमी व खर्च जास्त होतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या, आपल्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा पट्टा कारागिराकडून करून घेतला, तर तो साडीवर फार देखणा दिसेल. पावसाळ्यात कोल्हापुरी चप्पल आपण जपतो, तसाच तोही पाण्यापासून जपावा लागेल.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी मर्यादा तीन हजार रुपयांची आहे. महाद्वार रोडवरच्या दुकानात ‘लेडीज मॉडेल’ म्हणून गुलाबी पट्ट्याची, भोवती खडे लावलेली घड्याळे दाखवली. मला ती आवडली, पण मैत्रिणी म्हणतात की त्यांत काही दम नाही. त्यांचे बरोबर आहे का?

उत्तर : आवडलेली वस्तू घ्यायला काहीच हरकत नाही, आणि या रकमेत घड्याळाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत, हे आधी मान्य करू या. तरीही ‘लेडीज’ हा शिक्का पाहून पैसे देऊ नका. स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांत अनेकदा बदल फक्त रंगाचा आणि खड्यांचा असतो, आणि खडे बसवण्यासाठी कडा रुंद केली की पडदा उलट आक्रसतो. स्त्रीच्या गरजा गुलाबी रंगात बसवून टाकण्याची ही सवय मला मनापासून खटकते. आपल्याकडे टायटनने 1992 मध्ये ‘रागा’ ही खास स्त्रियांची घड्याळे आणली, तेव्हा घड्याळाचे यंत्रच लहान असल्याने त्यांना बांगडीसारखी नाजूक घडण देता आली. स्मार्टवॉचमध्ये बॅटरी, संवेदक आणि पडदा यांना जागा द्यावीच लागते, त्यामुळे नाजूकपणाची काही ना काही किंमत मोजावी लागते. गार्मिनने 2021 मध्ये ‘लिली’ नावाचे सुमारे 34 मिलिमीटरचे घड्याळ काढले. त्याच्या काचेखाली नक्षी दिसते आणि स्पर्श केल्यावर किंवा मनगट वळवल्यावरच अक्षरे उमटतात. दिसायला ते खरोखर सुरेख आहे; मात्र त्यावरून फोनवर बोलता येत नाही आणि ते तुमच्या मर्यादेच्या पलीकडचे आहे.

तुमच्या रकमेत तीन गोष्टी पाहा. घड्याळ घेऊन दुकानाच्या बाहेर उन्हात या आणि पडदा वाचता येतो का ते बघा. एमोलेड पडद्यावरचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) काळा रंग गडद दिसतो आणि तबकडी साध्या घड्याळासारखी भासते. पट्टा बदलता येतो का, हे विचारा. तिसरे म्हणजे, ते तुमच्या फोनशी नीट जुळते का, हे दुकानातच फोन जोडून पाहा. पुढे कधी महागडे घ्यायचे ठरवाल तेव्हाही हे लक्षात असू द्या: ॲपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही, आणि सॅमसंगची 2021 पासूनची गॅलेक्सी वॉच आयफोनला जोडता येत नाहीत.

प्रश्न : आमच्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात. त्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे. दोन्ही गोष्टी मोजणारे घड्याळ त्यांना द्यावे, असे आमच्या मनात आहे. त्यांच्या दोन्ही मनगटांवर गोंदण आहे आणि घड्याळ दिसायला दागिन्यासारखे असावे, असा त्यांचा आग्रह आहे.

उत्तर : मधुमेहाविषयी स्पष्ट लिहितो. त्वचेला टोचल्याशिवाय, स्वतःच्या संवेदकावर रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. असे आकडे दाखवणारी स्वस्त घड्याळे आपल्याकडेही सर्रास विकली जातात. त्या आकड्यावर विसंबून गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा बदलली, तर जिवावर बेतू शकते. म्हणून ही सोय आहे असे सांगून विकले जाणारे घड्याळ घेऊच नका. त्वचेखाली बारीक तंतू ठेवून साखर मोजणारे वेगळे उपकरण असते आणि त्याचा आकडा काही घड्याळांवर पाहता येतो. ती गोष्ट निराळी आहे आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने करायची असते.

रक्तदाब दाखवणाऱ्या बहुतेक चांगल्या घड्याळांनाही दंडाच्या पट्ट्याचा आधार लागतो. सॅमसंगच्या घड्याळात दर 28 दिवसांनी दंडावरच्या यंत्राने मोजलेला दाब भरून ते नव्याने जुळवावे लागते. मग दंडाचे यंत्रच घरी ठेवून रोज ठरलेल्या वेळी, बसून दाब मोजणे सासूबाईंना अधिक उपयोगाचे ठरेल.

गोंदणाचा मुद्दा तुम्ही लिहिला हे फार बरे केले. घड्याळाच्या पाठीमागे लुकलुकणारा हिरवा प्रकाश त्वचेतून आत जातो, रक्त तो शोषून घेते आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून नाडी मोजली जाते. गोंदणाची शाई हा प्रकाश अडवते, त्यामुळे आकडे चुकतात किंवा घड्याळ हातात नाहीच असे समजून ते वारंवार कुलूपबंद होते. गोंदणाच्या वर, कोऱ्या त्वचेवर जागा असेल तर तिथे बांधून पाहावे. शिवाय दागिन्यासारखे सैल घातलेले घड्याळ बाहेरचा उजेड आत येऊ देते आणि नाडीची नोंद बिघडवते. पट्टा घट्ट नको, पण हात हलवल्यावर घड्याळ सरकता कामा नये. सासूबाईंना हे मानवणार नसेल, तर त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. आवडले नाही तर दोन आठवड्यांत ते कपाटात जाईल.

पहाटे एकट्याने फिरणाऱ्या वयस्कर बाईला घड्याळाचा खरा आधार पडल्यावर होतो. ॲपलने 2018 च्या सिरीज 4 पासून ही सोय दिली: जोराने पडल्याचे जाणवले की घड्याळ विचारणा करते आणि साधारण मिनिटभर हालचाल झाली नाही तर आपत्कालीन क्रमांकाला व घरच्यांना कळवते. त्यासाठी फोन सोबत हवा किंवा घड्याळात ई-सिम हवे. सासूबाईंच्या फोनशी जुळणाऱ्या घड्याळात अशी सोय असेल, तर बाकी सगळे सोडून तिलाच प्राधान्य द्यावे, आणि सोनेरी रंगाची चौकट व बारीक विणीचा पट्टा घेऊन त्यांच्या आग्रहाचाही मान राखावा.

प्रश्न : पावसाळा सुरू झाल्यापासून पट्ट्याखाली खाज सुटते आणि लाल चट्टे उठतात. भांडी घासताना घड्याळ हातातच असते, कारण ते ‘वॉटरप्रूफ’ आहे. घड्याळ बदलावे का? (शाहूपुरी)

उत्तर : लगेच बदलू नका. साबणाचे पाणी आणि घाम पट्ट्याखाली साचून राहणे, हेच बहुतेक वेळा कारण असते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते सुकतही नाही. ‘वॉटरप्रूफ’ म्हणवणाऱ्या घड्याळांवर लिहिलेले ‘5 एटीएम’ म्हणजे 50 मीटर खोल स्थिर पाण्याइतका दाब सोसण्याची क्षमता. गरम पाणी, साबण आणि वाफ यांची हमी त्यात नसते. भांडी आणि कणीक या दोन्ही वेळी घड्याळ काढावे, पट्टा साध्या पाण्याने धुऊन कोरडा करावा आणि चट्टे जाईपर्यंत कापडी पट्टा वापरावा. चट्टा नेमका धातूच्या बकलाखालीच उठत असेल, तर निकेलची ॲलर्जी असू शकते. खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात का, ते आठवा. चट्ट्यांतून पाणी सुटू लागल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : पाळीच्या तारखा घड्याळावर नोंदवणे विश्वासार्ह आहे का? आम्ही सध्या मूल होऊ देणार नाही आणि त्या दृष्टीने उपयोग होईल का? (कागल)

उत्तर : तारखा लिहून ठेवण्यासाठी, डॉक्टरांना मागच्या काही महिन्यांचा हिशेब दाखवण्यासाठी आणि पाळी जवळ आल्याची आठवण मिळण्यासाठी ही सोय उत्तम आहे. वेदना, रक्तस्राव, झोप यांचीही नोंद करता येते आणि स्त्रियांसाठी म्हणून दिलेल्या सोयींपैकी ही मला सर्वांत उपयोगी वाटते. काही महागडी घड्याळे रात्री मनगटाचे तापमान पाहून बीजोत्सर्ग केव्हा झाला असावा, याचा अंदाज देतात. हा अंदाज दिवस उलटून गेल्यावर मिळतो, त्यामुळे गर्भधारणा टाळण्यासाठी त्यावर अवलंबून राहू नका. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून साधन निवडावे. नोंद सुरू करण्यापूर्वी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ही माहिती फोनवरच राहते की कंपनीकडे जाते, हे पाहावे, अनावश्यक परवानग्या बंद कराव्यात आणि घरात फोन सर्वांच्या हाताळण्यातला असेल तर ॲपला स्वतंत्र पासवर्ड लावावा. पाळी सतत अनियमित येत असेल, तर घड्याळाच्या आलेखाची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी आणि नोंदींची पाने सोबत न्यावीत.