दुखणं एकीकडे, मूळ पियुषिकेत

गेल्या वेळी थायरॉइडवर लिहिलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांत काही असे होते की वाचता वाचता मला थायरॉइडपेक्षा तिच्या वर बसलेल्या पियुषिकेचा, म्हणजे पिट्युटरीचा, संशय येत गेला. आज तेवढेच घेतले आहेत. ही ग्रंथी वाटाण्याएवढी, वजनाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, नाकाच्या मुळामागे कवटीच्या तळातल्या एका हाडाच्या खळग्यात बसलेली. पुस्तकं तिला ग्रंथींची राणी वगैरे म्हणतात. मला ती मुकादम वाटते. हुकूम वरून, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाकडून येतो, राबतात खालच्या ग्रंथी, आणि मुकादम आजारी पडला की तक्रार मात्र खालच्यांच्याच नावावर नोंदली जाते.

प्रश्न : वय २९, लग्नाला दोन वर्षं झाली. तीन महिने पाळी लांबते आहे आणि छाती दाबली की दुधासारखं येतं. प्रोलॅक्टिन ६८ आलं. मेंदूत गाठ असू शकते म्हणून एमआरआय सांगितलाय. घरी कुणाला बोललेले नाही. (नाशिक)

तुमच्या पत्राच्या शेवटी, अगदी जाता जाता, एक ओळ आहे : ‘बाकी औषध काही नाही, फक्त ॲसिडिटीची कॅप्सूल रोज सकाळी.’ ती पट्टी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. नावापुढे ‘डीएसआर’ असेल तर आत डॉम्पेरिडोन आहे. काही कॅप्सूलमध्ये त्याऐवजी लेव्होसल्पिराइड असतं. प्रोलॅक्टिन हे पियुषिकेचं दूध आणणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन. त्याच्यावर मेंदूतल्या डोपामिनचा लगाम असतो आणि ही दोन्ही औषधं नेमका तोच सैल करतात. ६८ हा आकडा केवळ त्यामुळेही येऊ शकतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन् महिने घेतलेल्या या कॅप्सूलपायी किती जणींचे एमआरआय होतात, याचा मला आताशा राग येतो.

तेव्हा आधी घरच्या घरी गर्भधारणेची चाचणी, मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठीची रक्ततपासणी. थायरॉइड फार कमी असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं. डॉक्टरांना सांगून कॅप्सूल थांबवा किंवा साधी घ्या, आठवडाभराने सकाळी, थोडा वेळ शांत बसून, पुन्हा रक्त द्या. आणि छाती दाबून पाहणं आजपासून बंद. दाबण्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं.

एवढं करूनही आकडा चढाच राहिला तर एमआरआय जरूर करा. प्रोलॅक्टिनची गाठ निघालीच, तरी ही पियुषिकेची अशी गाठ आहे जी बहुतेक वेळा गोळीने आटते. कॅबरगोलिन आठवड्यातून एकदा-दोनदा. पाळी सुरळीत होते आणि दिवसही राहू शकतात, त्यामुळे गोळी चालू असताना पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या कुणी हे वाचत असेल आणि मानसिक आजारासाठी रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइड चालू असेल, तर त्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं. पण ती गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही.

प्रश्न : आई ४८ वर्षांची. धाकट्या भावाच्या वेळी, १९ वर्षांपूर्वी, तिच्या खूप अंगावरून गेलं होतं, रक्त चढवावं लागलं. नंतर पाळी आलीच नाही. आता उन्हाळ्यातही चादर घेऊन बसते, आवाज घोगरा झालाय, उठवलं तरच उठते. सोडियम कमी झालं म्हणून दोनदा ॲडमिट केलं. टीएसएच २.८, म्हणजे थायरॉइड नॉर्मल. मग हे आहे काय? (लातूर)

आईला एक प्रश्न विचारा : भावाला अंगावरचं दूध मिळालं का? माझा अंदाज आहे, तो वरच्या दुधावर वाढला. काखेतले केस गेले का, हेही हळूच विचारून घ्या. दोन्हीचं उत्तर माझ्या अंदाजासारखं आलं, तर हा शीहान सिंड्रोम असण्याची दाट शक्यता आहे. हॅरॉल्ड शीहान या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

गरोदरपणात पियुषिका बरीच फुगते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलं आणि बीपी कोसळलं की या फुगलेल्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि तिचा भाग मरतो. पहिली खूण दूध न येणं. घरात तेव्हा सगळं लक्ष बाळाकडे असतं. दूध नाही आलं तर बाईलाच चार शब्द ऐकवले जातात. मग पाळी येत नाही, तर ‘बरं झालं, लवकर सुटली’. मग थकवा, तर ‘रक्त कमी असेल’. असं करत दहा-वीस वर्षं निघून जातात. अशा बाईचा चेहरा फिकट, कातडी मऊ आणि बारीक सुरकुतलेली, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ. दारातून आत येतानाच ओळखता येतं, पण आधी एकदा पाहिलेलं असावं लागतं.

आता टीएसएचचं. टीएसएच थायरॉइड तयार करत नाही, ते पियुषिका पाठवते. थायरॉइडने काम कमी केलं की वरून टीएसएचचा तगादा वाढतो, म्हणून एरवी त्या आकड्यावरून थायरॉइड कळतं. पण तगादा लावणारी पियुषिकाच लुळी पडली असेल तर? थायरॉइड रिकामी बसलेली आणि टीएसएच ‘नॉर्मल’. म्हणून आईचं फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, करून घ्या. सोबत सकाळी आठचं कॉर्टिसॉल (ताण पेलणारं अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक), एफएसएच (अंडाशयाला जाणारा पियुषिकेचा हुकूम), प्रोलॅक्टिन आणि नंतर एमआरआय. यातच एक खूण मिळेल : पाळी गेलेल्या बाईचं एफएसएच चढं असायला हवं. ते खाली असेल तर दोष वरचा.

पुढचं वाक्य कागदावर उतरवून पाकिटात ठेवा. फ्री टी-४ कमी आलं म्हणून कुणी थायरॉइडची गोळी लगेच सुरू करत असेल, तर कॉर्टिसॉल तपासलं का, हे विचारा. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्याने संपतं आणि माणूस शॉकमध्ये जाऊ शकतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची गोळी, मग थायरॉक्सिन. हा क्रम बदलायचा नाही. त्या दोन ॲडमिशनही बहुधा याच कॉर्टिसॉलच्या होत्या. सलाईनने सोडियम वर आलं, आईला घरी सोडलं, मूळ तसंच राहिलं.

निदान पक्कं झालं तर हायड्रोकॉर्टिसोन रोज, मोठा हिस्सा सकाळी. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून घाबरू नका. शरीर जे बनवत नाही तेवढंच आपण भरून देतो. ताप आला तर डोस दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, तेही लगेच. हे लिहिलेली चिठ्ठी आईच्या पर्समध्ये कायम हवी. गोळ्या महाग नाहीत आणि फरक इतका पडतो की काही आठवड्यांत आई स्वतःहून स्वयंपाकघरात शिरेल. तेव्हा तिला ‘आराम कर’ म्हणू नका.

प्रश्न : भाऊ ३४ वर्षांचा, शेती करतो. सहा वर्षांपूर्वी घोणस चावली, किडन्या बंद पडल्या, डायलिसिस झालं, वाचला. पण तेव्हापासून अंगात जोर नाही. दाढी पंधरा दिवसांनी करावी लागते. गावात म्हणतात, विष अंगात राहिलंय. (सातारा)

विष अंगात राहिलेलं नाही, पण गावकरी अगदीच चुकलेले नाहीत. विषाने केलेलं नुकसान राहिलं असावं. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकणाऱ्या या सापाचं विष रक्ताच्या गोठण्याचा खेळखंडोबा करतं. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या, इतरत्र रक्तस्राव. त्यात किडनी जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पियुषिकाही जाऊ शकते हे फार थोड्यांना. म्यानमारमधल्या अशा रुग्णांवरचा लेख १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता आणि त्यात तुलना शीहान सिंड्रोमशीच केली होती. भारतातूनही, विशेषतः दक्षिणेकडून, असे रुग्ण नोंदले गेले आहेत. नुकसान कधी पहिल्या काही दिवसांतच दिसतं, कधी वर्षांनी.

तपासण्या वरच्या आईसारख्याच, फक्त सोबत टेस्टोस्टेरॉन. तुम्ही शेवटी संकोचून विचारलंय की मूल होईल का. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने दाढी आणि जोर येतो, शुक्रजंतू वाढत नाहीत. त्यासाठी दुसरी इंजेक्शनं असतात आणि त्यांचा उपयोग होतो. म्हणून मूल हवंय हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. आणि तपासायला जाताना चावल्याच्या वेळची फाइल न्या. नवीन डॉक्टर ‘कधी साप चावला होता का’ असं आपणहून विचारणार नाहीत.

प्रश्न : मिस्टर ४६ वर्षांचे. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. चप्पल ८ नंबरची होती, आता १० लागते. घोरणं वाढलंय, शुगर निघाली. सगळे म्हणतात, तब्येत सुधारली. (ठाणे)

ताई, चाळिशीनंतर पोट सुटतं, पाऊल दोन नंबरांनी वाढत नाही. लग्नाचा अल्बम काढा. तेव्हाचा चेहरा आणि आत्ताचा मोबाइलमधला फोटो शेजारी ठेवा. नाक रुंद, ओठ जाड, खालचा जबडा पुढे, समोरच्या दातांत फट आणि घाम फार, असं दिसलं तर ॲक्रोमेगॅली तपासायलाच हवी. १८८६ मध्ये पॅरिसच्या पियर मारी यांनी हे नाव दिलं. पियुषिकेतल्या गाठीतून वाढीचं संप्रेरक अखंड झरत राहतं. लहानपणी असं झालं तर उंची बेसुमार वाढते. मोठेपणी लांब हाडं जोडली गेलेली असतात, मग हात, पाय, जबडा आणि जीभ जाड होत जातात. बदल इतका सावकाश की रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही. पंधरा वर्षांनी भेटलेला वर्गमित्र मात्र दारातच दचकतो.

वाढीचं संप्रेरक दिवसभर वरखाली होतं, म्हणून ते एकदाच मोजून काही कळत नाही. आधी आयजीएफ-१ करा, ते वाढीच्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून बनतं आणि दिवसभर फारसं हलत नाही. ते जास्त आलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून संप्रेरक दबतं का ते बघतात, मग एमआरआय. मुख्य उपचार नाकातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया. डोक्यावर टाका नाही. (गंमत अशी की ‘पिट्युटरी’ हे नाव कफाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. मेंदूतला कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. वाट त्यांनी बरोबर ओळखली, फक्त उलट्या दिशेने.) गाठीचा काही भाग उरला तर महिन्याच्या महिन्याला इंजेक्शनं. उपचारानंतर सूज ओसरते, अंगठी सैल होऊ शकते. वाढलेलं हाड तसंच राहतं. शुगर, बीपी आणि घोरणं यांत मात्र चांगला फरक पडतो. न तपासता सोडलं तर धोका हृदयाला आहे.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. बाइकवरून पडून डोक्याला मार लागला, आता बरा आहे. पण रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतो आणि फ्रिजमधल्या बाटल्या संपवतो. शुगर नॉर्मल. उष्णता म्हणून सब्जा देतोय. (नागपूर)

सब्जा द्या, हरकत नाही, पण सोबत एक काम करा. २४ तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवून मोजा. तीन लिटरच्या वर आणि पाण्यासारखी पांढरी असेल तर लघवी रोखून धरणारं व्हॅसोप्रेसिन कमी पडत असावं. ते पियुषिकेच्या मागच्या भागातून सुटतं आणि डोक्याला जबर हिसका बसला की तिथला देठ दुखावतो. या रुग्णांना गारच पाणी हवं असतं, माठातलंही चालत नाही.

याचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेच्या डायबेटिसशी नातं काही नाही, पण नावामुळे घोटाळे होत. ॲडमिट झालेल्या रुग्णांची या आजाराची गोळी चुकून थांबवली गेली आणि जीवावर बेतलं, असंही घडलं. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘आर्जिनीन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ हे नाव सुचवलं. जिभेला जड आहे, पण माझ्या फाइलींवर मी आता दोन्ही लिहिते. पाणी तोडून करायची एक तपासणी असते, ती रुग्णालयातच. घरी ‘बघू किती वेळ राहतोस’ असा प्रयोग अजिबात नको. डेस्मोप्रेसिनच्या गोळीने किंवा नाकातल्या फवाऱ्याने रात्रीची झोप परत येते. पुढच्या भागाची संप्रेरकंही याच वेळी तपासून घ्या.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, वर्गात सगळ्यांत बुटका. उंची वाढवायची पावडर द्यावी का? (म्हापसा)

नको. दारामागे पेन्सिलीची खूण करा, सहा महिन्यांनी पुन्हा. वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढत असेल आणि तुम्ही दोघंही बुटके असाल, तर तो तुमच्यावर गेलाय. चारच्या खाली असेल किंवा दोन वर्षांपूर्वीची पँट अजून घोट्यापर्यंत येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून वाढीचा तक्ता आणि मनगटाचा एक्स-रे करून घ्या. संप्रेरकाची कमतरता निघाली तर रोज रात्री इंजेक्शन लागतं. ते महाग आहे आणि हाडं जुळण्याआधीच उपयोगी पडतं. पावडरीत घालवलेली दोन वर्षं तिथे भारी पडतात.

प्रश्न : डोकेदुखीसाठी एमआरआय केला. ‘पियुषिकेत ४ मिलिमीटरची गाठ’ लिहून आलंय. ऑपरेशन कधी करू? (पुणे)

बहुधा कधीच नाही. कसलाही त्रास नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तर साधारण दहांतल्या एकात असा ठिपका सापडतो. पियुषिकेच्या गाठी कॅन्सरच्या क्वचितच असतात आणि तुमची डोकेदुखी मायग्रेनची असण्याची शक्यता अधिक. प्रोलॅक्टिन आणि आयजीएफ-१ करा. पोटावर जांभळे रुंद चट्टे, बारीक झालेले हातपाय, जरा लागलं की काळंनिळं, असं काही असेल तर कॉर्टिसॉलची तपासणीही. सगळं ठीक असेल तर वर्षभराने एमआरआय पुन्हा.

गाठ १० मिलिमीटरच्या पुढे असती तर नजर तपासायला सांगितलं असतं. पियुषिकेच्या बरोबर वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. त्या दाबल्या गेल्या की समोरचं स्वच्छ दिसतं आणि दोन्ही बाजूंचं जातं. माणूस डोळ्यांच्या दवाखान्यातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि बाहेर पडताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. असे एक काका माझ्याकडे चष्म्याचे तीन नंबर बदलून आले होते. स्कूटरला डावीकडून कोण येतंय ते कळत नाही, ही तक्रार त्यांनी फक्त मेकॅनिकला सांगितली होती, आरसा बदलून दे म्हणून.

तुमच्या बाबतीत घाई एकाच प्रसंगी. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी फुटायला लागलं, सोबत उलट्या, एकाचं दोन दिसणं किंवा पापणी खाली पडणं, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा गोळी घेऊन झोपू नका. रिपोर्ट हातात घ्या आणि त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.