बेडका बघायला शिक

वॉर्डात नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो, बेडक्याची डबी नाक मुरडून बाजूला सारू नकोस. उजेडात धर, तिरकी कर, नीट बघ.

आधी ती नुसती लाळ नाही ना, ते ठरव. सूक्ष्मदर्शकाच्या लो पॉवरला एका क्षेत्रात तोंडातल्या चपट्या पेशी 10 पेक्षा जास्त दिसल्या, तर कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, तो नमुना कामाचा नाही. खोल खोकून नवा द्यायला सांग.

हिरवा रंग दिसला की अँटिबायोटिक लिहायची घाई करू नकोस. तो हिरवेपणा मुख्यतः पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या हिरव्या एन्झाइमचा असतो, जंतूंचा नव्हे. दम्यात तर इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढल्या तरी बेडका पिवळा दिसतो.

गंजासारखा तांबूस असेल तर न्यूमोकॉकस जंतूचा न्यूमोनिया आठव. डबी उघडताच सडका वास आला तर फुफ्फुसातल्या गळूचा विचार कर. ब्रॉन्किएक्टेसिसचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या रुग्णाचा, बेडका वाटीभर पडतो. काचेच्या उंच भांड्यात तो थोडा वेळ राहू दे. वर फेस, मध्ये पातळ पाणी, तळाशी पू, असे थर लागतात.

गुलाबी फेस मात्र बघत बसायची गोष्ट नाही. बहुतेक वेळा हृदय थकून फुफ्फुसात पाणी भरलेलं असतं. रुग्णाला उठवून बसव, ऑक्सिजन बघ, सीनियरला लगेच हाक मार.

रक्त दिसलं तर ते खोकल्यातून आलं, नाकातून की उलटीतून, हे आधी विचार. आणि खोकला 2 आठवड्यांहून जुना असेल, तर बेडका कितीही स्वच्छ दिसो, क्षयाची तपासणी पाठवच.