सासऱ्यांबद्दल पाच मिनिटं

प्रश्न : ताई, माझे सासरे गेल्या ऑक्टोबरात गेले. इटालियन-अमेरिकन, पेशानं वकील. त्यांचे आजोबा इटलीतल्या आव्हेलिनोजवळच्या खेड्यातून न्यू जर्सीत, नेवार्कला आले. सासऱ्यांचं लहानपण तिथल्या फर्स्ट वॉर्डात गेलं. तिथलं घर पाडलं गेलं, एवढंच ते एकदा बोलले होते. पुढे ब्लूमफील्डला त्यांनी चाळीस वर्षं वकिली केली. घरांचे व्यवहार, मृत्युपत्रं, भाडेकरूंची भांडणं असली कामं. येत्या महिन्यात वर्ष होईल. मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, जेवणाला साठेक माणसं जमतील, तिथे मी बोलावं असं सासूबाई म्हणतात, कारण मुलांना बोलताना रडू आवरणार नाही. एका विधवा बाईचं घर त्यांनी फी न घेता वाचवलं होतं. तिची मुलंही जेवणाला येणार आहेत. ती गोष्ट सांगू का? नाहीतर माझ्याकडे आहे काय, तर रविवारचं जेवण आणि परसातलं अंजिराचं झाड. त्यांच्यासारख्या माणसाबद्दल हे फार किरकोळ वाटतं.
– एक सून, न्यू जर्सी

उत्तर : तुझं पत्र वाचल्यावर मला माझे साहेब आठवले. ब्लूमफील्ड अॅव्हेन्यूवरच्या एका इटालियन वकिलांकडे मी बावीस वर्षं टायपिंग आणि फायली सांभाळल्या. त्यांचे आजोबाही त्याच भागातून आलेले. त्यांची एक सवय सांगते. अशील उठून गेला की दाराकडे बघायच्या आधी ते टेबलावरची फाईल पालथी घालायचे. पुढचा माणूस आत येईपर्यंत आधीच्याचं नावसुद्धा दिसता कामा नये. त्यांच्या बायकोनं एकदा मला विचारलं होतं, 'आज एवढे गप्प का आहेत, कुणाचं काही झालं का?' त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, तरी मी सांगितलं नाही, आणि साहेबांनीही घरी कधी सांगितलं नाही.

म्हणून त्या विधवा बाईची गोष्ट तू आपणहून सांगू नयेस. ती गोष्ट तुझ्या सासऱ्यांची नाही, त्या बाईची आहे. अशिलानं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं अशिलाच्या मृत्यूनंतरही गुप्तच राहतं, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1998 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी दिला आहे. वकील गेला म्हणूनही ते खुलं होत नाही, कारण तो हक्क मुळात वकिलाचा नाहीच. तू काही वकील नाहीस, कायदा तुझ्या मागे लागणार नाही. पण तुझ्या सासऱ्यांनी जे चाळीस वर्षं जपलं, ते त्यांच्याच वर्षदिनाच्या जेवणात उघडं पडायला नको. नाव गाळून सांगेन म्हणशील, तर तेही नको. 'विधवा', 'घर' आणि 'फी घेतली नाही' एवढ्यावरून अर्धी माणसं त्या मुलांकडे बघायला लागतील. तिच्या थोरल्या मुलाला आधी फोन कर. त्याला सांगावंसं वाटलं तर तोच उठून सांगेल, आणि ते तुझ्या सांगण्यापेक्षा कितीतरी मोलाचं असेल.

आता तू ज्याला किरकोळ म्हणतेस त्याकडे येते. फर्स्ट वॉर्ड म्हणजे नेवार्कमधली दक्षिण इटलीच्या माणसांची दाट वस्ती. कापोसेले गावच्या लोकांनी 1899 पासून तिथल्या सेंट लुसीज चर्चमध्ये सान जेरार्दो या संताचा उत्सव सुरू केला. 1950च्या दशकात सुधारणेच्या नावाखाली त्या वस्तीचा मोठा भाग पाडला आणि तिथे तेरा-तेरा मजली इमारती उभ्या केल्या. त्यांना नाव मात्र कोलंबसचं दिलं. 1994 मध्ये त्यातल्या काही सुरुंग लावून उडवल्या. चर्च तेवढं शिल्लक आहे आणि उत्सवही होतो. बेलव्हिल, ब्लूमफील्ड, नटली इकडे विखुरलेली माणसं ऑक्टोबरात पुन्हा तिथे येतात आणि मूर्तीला नोटा टोचतात. माझे साहेब दर वर्षी जायचे. एका साली मलाही नेलं आणि वाटेत एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, 'इथे आमचं स्वयंपाकघर होतं.' त्यापुढे चर्च येईपर्यंत ते बोलले नाहीत.

ज्या मुलानं आपलं घर पाडलेलं पाहिलं, तो मोठेपणी चाळीस वर्षं लोकांच्या घरांचे कागद नीट करत बसला. तुझ्या सासऱ्यांच्या मनात हा धागा होता की नाही, ते सासूबाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तर तिथूनच सुरुवात कर. खटल्याचं एक अक्षरही न काढता त्यांची वकिली लोकांना कळेल.

फर्स्ट वॉर्डचाच एक वकील तिथे जमलेल्या सगळ्यांना माहीत असेल. पीटर रोडिनो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोग चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. 27 जुलै 1974 ला पहिल्या आरोपावर मतदान संपल्यावर ते आतल्या खोलीत गेले, बायकोला फोन लावला आणि रडले. साहेब मला हे नेहमी सांगायचे, आणि सांगताना त्यांचा भर निक्सनवर नसायचा, फोनवर असायचा. ज्या घरात रविवारी दोन वाजता सगळ्यांनी टेबलाशी असलंच पाहिजे असा नियम असतो, तिथे तो फोन बरोबर समजतो. साहेबांच्या घरी सकाळी आठला टोमॅटोचा रस्सा चढायचा. त्याला ती मंडळी 'ग्रेव्ही' म्हणतात. कोर्टात सोमवारी कितीही मोठं काम असो, रविवारी दोन ते पाच त्यांना ऑफिसचा फोन द्यायचा नाही, अशी मला सक्त ताकीद होती. तुझ्या सासऱ्यांच्या टेबलावर तू पहिल्यांदा बसलीस तेव्हा कुठल्या खुर्चीवर बसलीस? तुला कुणी वाढलं? ते काय म्हणाले? ते सांग. तेवढं फक्त तुलाच सांगता येईल.

एक गोष्ट मात्र टाळ. इटालियन वकील म्हटलं की कुणीतरी माफियाचा विनोद करतंच. साहेबांना आयुष्यभर तो ऐकावा लागला. ते हसून सोडून द्यायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे. पुढे न्यूयॉर्कचे गव्हर्नर झालेले मारिओ कुओमो 1956 मध्ये लॉ स्कूलमधून वर्गात पहिल्या क्रमांकावर बाहेर पडले, तरी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या वकिली फर्म्सनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. नावाच्या शेवटी स्वर असण्याची, म्हणजे नावावरूनच इटालियन कळण्याची, किंमत त्या पिढीनं मोजली आहे. लोकांना हसवायला तुला दुसरं पुष्कळ सापडेल.

बोलायचं ते जेवणाच्या वेळीच बोल. चर्चमध्ये मिस्सेच्या शेवटी फारच थोडं बोलू देतात, आणि तुझा आवाज तिथे अडखळला तर सावरायला जागा नाही. मोठ्या अक्षरात दोन पानं लिहून ने आणि ती आधी घरात सासूबाईंना वाचून दाखव. त्या ज्या वाक्याला थांबवतील ते खोड.

आणि ते अंजीर. साहेबांकडेही होतं. दर नोव्हेंबरात फांद्या दोरीनं बांधून, भोवती गोणपाट गुंडाळून वर एक उपडी बादली ठेवायची, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि झाड थंडी काढतं. तुझे सासरे ऑक्टोबरात गेले. मग त्यानंतरच्या नोव्हेंबरात ते झाड कुणी गुंडाळलं? हे तू लिहिलं नाहीस. ज्यानं गुंडाळलं त्याला जेवणाला आपल्या शेजारी बसव, आणि बोलताना त्याचं नाव घे.