क्रिएटिनिन नॉर्मल असूनही लघवीत अल्ब्युमिन का जाते?

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे असून त्यांना नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) ७.२, क्रिएटिनिन १.१ आणि रक्तदाब साधारण १३८/८६ असतो. यंदा प्रथमच केलेल्या लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर १४० आले, म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केले. पायांवर सूज नाही, इतर काही त्रास नाही. बीपीच्या गोळीने किडनी खराब होते, असे नात्यातल्या मंडळींनी सांगितल्यापासून ते गोळी घ्यायला तयार नाहीत. काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : यजमानांनी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, हे आधी आग्रहाने सांगतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, नॉर्मल आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, कारण मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत ते अनेकदा मर्यादेतच दिसते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्या म्हणजे केशवाहिन्यांची गुंतवळेच होत. वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि रक्तदाब यांमुळे या वाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, गाळणीतला दाब वाढतो आणि रक्तातच राहायला हवे ते अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० पेक्षा (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) कमी असावे. ३० ते ३०० हा टप्पा साध्या पट्टीच्या तपासणीत बहुधा निसटतो. अशा वेळी शरीरातल्या इतर रक्तवाहिन्यांचे अस्तरही बिघडलेले असण्याची शक्यता असते, म्हणून अशा रुग्णांना हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका अधिक असतो. मला या अहवालाचे महत्त्व वाटते ते यासाठी.

मात्र एका अहवालावर निदान पक्के करू नये. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचे भारी श्रम यांनीही आकडा वाढतो, त्यामुळे तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन तपासण्यांत तो वाढलेला असेल तरच तो ग्राह्य धरतात. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्यावा. टाइप २ मधुमेह कळण्याआधी कित्येक वर्षे शरीरात असू शकतो, म्हणून ही तपासणी निदानाच्या वेळी आणि पुढे दरवर्षी व्हायला हवी.

आता गोळीविषयी. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे गाळणीतून बाहेर पडणारी धमनिका सैल करून आतला दाब उतरवतात. याच गटातील लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांनी टाइप २ मधुमेहात मूत्रपिंडांची घसरण मंदावते, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसले. गैरसमजाचे मूळ बहुधा असे आहे, की दाब उतरल्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा औषध चालू ठेवतात. त्यासाठी गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल तेव्हा मात्र गोळी काही दिवस थांबवावी का, हे डॉक्टरांना लगेच विचारावे, आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर घेऊ नये.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यजमानांना चालेल का, हेही पुढच्या भेटीत अवश्य विचारा. साखरेसाठी आलेली ही औषधे मूत्रपिंड आणि हृदय यांचेही रक्षण करतात, हे गेल्या काही वर्षांत चांगले सिद्ध झाले आहे.

आहारात सर्वांत आधी मीठ पाहा; दिवसाला ते एकूण ५ ग्रॅमच्या आत असावे. इंदूरच्या घरात पोह्यांवर शेव, जेवणात पापड आणि संध्याकाळी पुन्हा नमकीन असतेच, त्यामुळे भाजीत मीठ कमी घालूनही हिशेब चुकतो. त्यावर उपाय म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणण्याचा मोह होईल, पण त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टननेही रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, म्हणून ही गोळी चालू असताना ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. तंबाखू असेल तर ती पूर्ण सोडावी. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही याच महिन्यात करून घ्या, कारण त्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्यांनाही मधुमेहात अशीच इजा होते आणि दृष्टी चांगली असतानाही ती सापडू शकते.