तोतलाडोहात गळ टाकता येतो का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. लहानपणी गावच्या तळ्यावर बांबूच्या काठीला गळ बांधून मासे धरायचो, आता हौसेनं रीलवाली रॉड घेतली. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचं पाणी केवढं पसरलेलं आणि शांत, तिकडेच बसायचं मनात आहे. पण अर्धं पाणी मध्यप्रदेशात, अर्धं आपल्याकडे, मग परमिशन कोणाची काढायची? अजून एक, मागच्या महिन्यात दुसऱ्या एका धरणावर दिवसभर बसलो, एक मासा लागला नाही, कणकेची गोळी नुसती विरघळून जायची. काय चुकतंय?

उत्तर : भाऊ, तोतलाडोह आधी डोक्यातून काढा. ते पाणी दोन्हीकडून पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, आपल्याकडचा भाग १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणजे हौसेच्या गळाला तिथं ना इकडून परवानगी ना तिकडून. मध्यप्रदेशनं ३०५ आदिवासी कुटुंबांना तिथं मासेमारीचे परवाने दिले होते तर ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं, १९९७ ला निकाल लागला. ज्यांचं पोट त्या नदीवर होतं त्यांची ही गत, तिथं आपल्या रॉडला कोण विचारतो? वरून पाण्यात मगरी आहेत त्या वेगळ्याच.

बॉर्डरवरच बसायची हौस असेल तर तुमसरच्या पुढं सीतेकसाजवळ बावनथडीचं धरण आहे, राजीव सागर म्हणतात त्याला, तेही दोन्ही राज्यांचं मिळून. पण गाडीतून रॉड काढायच्या आधी तिथं जलाशयाचा ठेका कोणाकडे आहे ते विचारा, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि त्यांनी हो म्हटलं तरच बसा. लोकांना वाटते धरणातला मासा म्हणजे देवाचा, कोणीही धरावा. तसं नाही ना बाप्पा! रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागते, म्हणून संस्थेवाले पैसे मोजून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडतात. हे बीज केंद्रात तयार होते तेही १९५७ मध्ये शास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली तेव्हापासून. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा रोहू कोणाच्या तरी पैशाचा असतो. आणि पावसाळ्यात जाऊच नका, मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, पाण्यावर काही रेघ मारलेली नसते, डोंगा कधी पलीकडे गेला कळत पण नाही.

आता तुमची गोळी. कणीक मळताना त्यात थोडा कापूस पिंजून टाका, गोळी गळाला धरून राहते. वासासाठी भाजलेलं चण्याचं पीठ नाहीतर ढेप, म्हणजे पेंड. पण मला वाटते खरी चूक खोलीची आहे, कारण मी स्वतः हेच करून एक अख्खा रविवार वाया घालवला, तळाशी गोळी ठेवून कतल्याची वाट पाहत बसलो, आणि बाजूचा ढिवर (मासेमार) म्हातारा हसला, म्हणे साहेब, त्याचं तोंड तर पहा. भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात जाऊन तिन्ही मासे शेजारी ठेवून पहा एकदा. कतल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात खातो. मृगळाचं खाली, तो तळाचा गाळ चिवडतो. रोहू मधातला. म्हणून आधी मासा ठरवा, मग दोरीवरचं तरंगणारं बूच किती वर बांधायचं ते.

एवढ्या पसरट पाण्यात जागाही शोधावी लागते. धरणाच्या पोटात नदीचं जुनं पात्र असतेच, त्याच्या काठाला, बुडलेल्या झाडांच्या आसपास मासा फिरतो, मधल्या सपाट पाण्यात दिवसभर बसून काही होत नाही. ते पात्र कुठून जाते हे काठावरच्या ढिवरालाच माहीत, त्याला चहा पाजा. उन्हाळ्यात दिवस फुटायच्या आधी पोचा, ऊन चढलं की मासा काठ सोडते.

प्रश्न : धरणाच्या माशाला कधी कधी मातीचा वास येतो, तो कसा घालवायचा? (एक ताई, सक्करदरा)

उत्तर : ताई, तो वास मातीचा नाहीच, पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून जिओस्मिन नावाचं द्रव्य माशाच्या चरबीत उतरते त्याचा आहे. आंबटानं ते मोडते, म्हणून तुकडे चिंचेच्या कोळात नाहीतर लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवून धुऊन घ्या. पोटाकडचा काळा पडदा खरवडून काढा, मासेवाला घाईत तो ठेवूनच देतो.